बाळंतिणीची खोली आणि खिडकीचा जुना रंग

लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार म्हटले की घरात लगबग सुरू होते. डिंक-अळीव आणून ठेवायचे, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायची आणि तिला द्यायची ती खोली नीटनेटकी करायची. खोलीच्या खिडक्यांना वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा हिरवा ऑइल पेंट असतो, जागोजागी पोपडे आलेला. वडील रंगाऱ्याला बोलावतात. रंगारी सांगतो, जुन्यावर नवा हात मारला तर टिकणार नाही, घासून काढावे लागेल. नाही तर रिमूव्हरचा डबा आणून द्या, दुपारपर्यंत लाकूड उघडे करतो. लेक तोवर आलेली असेल तर शेजारच्या खोलीत आराम करते. दोन दिवसांत खिडक्या चकाचक होतात. त्या घरात ज्या दोन जिवांना सर्वांत जास्त जपायचे होते, त्यांच्यासाठी तेच दोन दिवस सर्वांत घातक होते, हे कोणाच्या गावीही नसते.

दारा-खिडक्यांवर घट्ट बसलेला जुना रंग स्वस्थ असतो, तोवर तो फारसे बिघडवत नाही. तो घासला, जाळला किंवा चुकीच्या रसायनाने विरघळवला की बिघडवतो. म्हणजे धोका रंगापेक्षा रंग काढण्याच्या पद्धतीत आहे. आणि ही पद्धत ठरते ती एकाच निकषावर, काम किती लवकर उरकेल यावर.

आधी रंगात काय असते ते पाहू. ऑइल पेंट किंवा इनॅमल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगांत कित्येक दशके शिशाची संयुगे मिसळली जात. त्यामुळे रंग लवकर वाळे, चमक टिके, पावसापाण्यात तग धरे. पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा या छटांत शिसे जास्त, कारण लेड क्रोमेट हा पिवळा रंगद्रव्याचा आधारच शिशाचा. लोखंडी ग्रिल गंजू नये म्हणून तिच्यावर दिला जाणारा जुना लाल प्रायमर अनेकदा ‘रेड लेड’ असे. देवाला लावायचा शेंदूर परंपरेने ज्या शिशाच्या ऑक्साइडपासून होतो, तेच हे रसायन. भिंतीवरचा चुना, डिस्टेंपर किंवा पाण्यात कालवायचे प्लास्टिक पेंट यांत शिसे सहसा फार कमी. म्हणून घरातल्या धोक्याच्या जागा म्हणजे दारे, खिडक्या, चौकटी, कठडे, ग्रिल, लोखंडी कपाट, जुना पाळणा. नेमक्या त्याच जागा, जिथे रांगते मूल हात टेकते.

भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग, म्हणजे ९० पीपीएम, अशी ठरवणारे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित झाले आणि वर्षभराने लागू झाले. नियम चांगलाच आहे. पण तो डब्यातल्या नव्या रंगापुरता. चौकटीवर आधीच बसलेल्या थरांबद्दल त्यात काही नाही. नियमानंतरही छोट्या उत्पादकांच्या काही रंगांत मर्यादेच्या कितीतरी पट शिसे असल्याचे दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेच्या चाचण्यांत दिसले आहे. तेव्हा सोपा ठोकताळा असा : २०१७ पूर्वीचा कोणताही ऑइल पेंट शिशाचाच आहे असे समजून हात लावावा. घरबसल्या खात्रीची तपासणी करण्याची सोय नसताना हा संशय फायद्याचाच ठरतो.

थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा जुन्या रंगात एक टक्का शिसे आहे, म्हणजे १०,००० पीपीएम. जुन्या इनॅमलमध्ये हे प्रमाण काही विलक्षण नव्हे. अशा रंगाची एक ग्रॅम भुकटी, म्हणजे जेमतेम चिमूटभर, घेतली तर तिच्यात १०,००० मायक्रोग्रॅम शिसे झाले. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात रक्त असते सुमारे एक लिटर. दर १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तर त्याचा स्रोत शोधून बंद करा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पूर्ण अंगातल्या रक्तात मिळून ५० मायक्रोग्रॅम. गिळलेले सगळे शिसे रक्तात जात नाही आणि रक्तात गेलेले सगळे तिथे राहत नाही, हे खरे. तरी चिमूटभर भुकटीत दहा हजार आणि काळजीची पातळी पन्नास, हे अंतर पाहिले की खिडकी कोरडी घासल्यावर खोलीभर बसलेल्या धुळीचा अर्थ लक्षात येतो.

त्यात लहान मुलांचे आतडे मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील सुमारे ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. म्हणजे तीनपैकी दोन मुले शिशाला दार उघडून बसलेली. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे असलेली मुले भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी असावीत. सगळे शिसे रंगातून येते असे नाही. जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचे धंदे, काही मसाले, काही भांडी यांचाही वाटा आहे. पण ज्या घरात आजवर शिसे शिरले नव्हते, त्या घरात ते रंगकामाच्या दोन दिवसांत शिरू शकते.

गर्भवतीचा मामला आणखी वेगळा. शिसे हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते. गरोदरपणात बाळाच्या हाडांसाठी आईची हाडे कॅल्शियम सोडतात, तेव्हा जुने शिसेही सुटते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते. त्यावर नव्या धुळीची भर पडायला नको.

आणि एकदा नुकसान झाले की औषधाने ते भरून येत नाही. अमेरिकेत ७८० लहान मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. शिसे बाहेर काढणाऱ्या औषधाने रक्तातली पातळी उतरली, पण औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. फार जास्त पातळी असेल तर ते औषध जीव वाचवते, ते द्यावेच लागते. मध्यम पातळीवर मात्र शिसे अंगात जाऊ न देणे एवढाच उपाय उरतो.

ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये १८९० च्या दशकात मुलांत शिशाची विषबाधा आढळू लागली आणि ती कुठून होते हे बरीच वर्षे कळेना. पाणी तपासले, भांडी तपासली. जॉन लॉकहार्ट गिब्सन या ब्रिस्बेनच्या नेत्रतज्ज्ञाने १९०४ मध्ये बोट दाखवले ते व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांकडे. उन्हाने रंगाची भुकटी होते, घामट बोटांना चिकटते, आणि मुले बोटे चोखतात, नखे चावतात. अनेकांना ते पटले नाही. मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी शिशाचा रंग वापरायला क्वीन्सलंडने बंदी घातली ती १९२२ मध्ये. व्हरांडा, ऊन, घाम आणि कठड्याला धरून उभे राहणारे मूल : हे वर्णन कोकणातल्या पडवीला किंवा चाळीच्या गॅलरीला लावून पाहायला काही बदलावे लागत नाही.

रंग काढण्याच्या कामानेच मुले बाधित होतात याचाही पुरावा आहे. न्यूयॉर्क राज्यात, न्यूयॉर्क शहर सोडून, २००६-०७ मध्ये ज्या मुलांच्या रक्तात शिसे फार जास्त सापडले, त्यांतल्या सुमारे १४ टक्के मुलांच्या घरी कारण निघाले दुरुस्ती आणि रंगकामाचे. बहुतेक ठिकाणी काम बाहेरच्या कंत्राटदाराने नव्हे, घरमालकाने किंवा भाडेकरूने स्वतःच केले होते. त्यांनाही घर चांगलेच करायचे होते.

आता दुसरा रस्ता, रिमूव्हरचा. धूळ नको म्हणून रसायनाने रंग काढावा, हा विचार चुकीचा नाही. प्रश्न कोणत्या रसायनाने, एवढाच. हार्डवेअरच्या दुकानात ‘झटपट’ म्हणून मिळणाऱ्या रिमूव्हरमध्ये अनेकदा मुख्य घटक असतो मिथिलीन क्लोराइड. त्याचेच दुसरे नाव डायक्लोरोमिथेन. रसायनांच्या बाजारात त्याला एमडीसी म्हणतात. लेबल वाचता आले नाही किंवा लेबलच नसले तरी दोन खुणा आहेत. हे द्रव पाण्यापेक्षा बरेच जड असल्याने लिटरचा डबा हातात सव्वा किलोच्या आसपास लागतो. आणि लावल्यावर काही मिनिटांतच रंग फुगून सुरकुततो. रंगारी खूश होतो ती हीच खूण.

मिथिलीन क्लोराइड सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारची हवा याहून गरम असते. म्हणजे डबा उघडला की त्यातले द्रव उकळायलाच बसलेले. पुण्या-मुंबईच्या हवेतही ते भराभर उडते. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत साठते. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात न्हाणीतले टब नव्याने रंगवणारे १३ कामगार या रसायनाने मेले. टबात वाकून काम करायचे आणि जड वाफ त्याच टबात भरून राहायची. त्या देशात १९८० ते २०१८ या काळात मिथिलीन क्लोराइडने झालेल्या ८५ मृत्यूंची नोंद संशोधकांनी शोधून काढली आहे. बैठ्या खिडकीशी, जिन्याखालच्या फडताळाशी किंवा माळ्यावर बसून काम करणाऱ्या रंगाऱ्याची स्थिती त्या टबापेक्षा फार वेगळी नसते. वास गोडसर येतो आणि थोड्या वेळाने नाकाला त्याची सवय होऊन जाणवेनासा होतो. वास गेला म्हणजे वाफ गेली, असा समज करून घेण्यात मोठी चूक आहे.

शरीरात गेल्यावर ते आणखी एक करामत करते. यकृत त्याचे कार्बन मोनॉक्साइड बनवते. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्याने माणसे मरतात ती याच वायूने. रिचर्ड स्टुअर्ट या अमेरिकन डॉक्टरने सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये हे दाखवून दिले. १९७६ मध्ये त्याने एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. सहासष्ट वर्षांचा निवृत्त माणूस, हौस म्हणून तळघरात बसून लाकडी सामानाचा जुना रंग रिमूव्हरने काढत होता. काही तास काम केल्यावर छातीत दुखू लागले. हृदयविकाराचा झटका निघाला. बरा होऊन घरी आला आणि अर्धे राहिलेले काम पुन्हा हाती घेतले. पुन्हा झटका. काही महिन्यांनी तिसऱ्यांदा तेच काम करायला बसला आणि या वेळी तो वाचला नाही. निवृत्तीनंतर घरातले जुने शिसवी टेबल नव्याने पॉलिश करायला घेणारे, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेले गृहस्थ आपल्या ओळखीतही सापडतील.

रुग्णालयात अशा माणसाला पाहताना एक फसगत होते. करोनानंतर घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही प्राणवायूने भरलेलेच समजतो आणि ९८ दाखवतो. खरे कळण्यासाठी रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिन मोजावे लागते. शिवाय चरबीत साठलेले मिथिलीन क्लोराइड काम थांबल्यावरही हळूहळू कार्बन मोनॉक्साइड बनवत राहते, त्यामुळे मोकळ्या हवेत आणल्यावर माणूस सावरला असे वाटले तरी काही तास नजरेखाली ठेवावा लागतो. छातीत दुखणाऱ्या, गरगरणाऱ्या किंवा डोके फुटेल असे म्हणणाऱ्या रुग्णाला ‘आज काय काम करत होता?’ हा एक प्रश्न तपासणीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि गर्दीच्या ओपीडीत तोच राहून जातो. गर्भवतीच्या बाबतीत हा वायू वारेतून बाळापर्यंत जातो, हे वेगळे सांगायला नको.

युरोपीय संघाने घरगुती वापराच्या रिमूव्हरमधून हे रसायन २०१२ पर्यंत बाहेर काढले. अमेरिकेने २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना त्याची विक्री बंद केली आणि २०२४ मध्ये आणखी कडक निर्बंध घातले. तिथले लोक जुन्या दारांसह राहतातच आणि रंगही काढतात. फक्त थांबतात.

कमी विषारी रिमूव्हरचे मर्म या थांबण्यात आहे. बेंझिल अल्कोहोल, सोयाबीनच्या तेलापासून केलेली एस्टर किंवा डायबेसिक एस्टर यांवर आधारलेले जेल मिळतात. मोठ्या शहरांतल्या दुकानांत किंवा मागवून. ती सहजी उडून जात नाहीत, म्हणून खोलीत वाफ साठण्याचा धोका फार कमी. पण त्याच कारणाने ती सावकाश काम करतात. जाड थर द्यायचा, वर प्लास्टिकचा कागद झाकायचा म्हणजे तो वाळत नाही, आणि काही तास, बहुपदरी जुन्या रंगासाठी रात्रभर, तसाच ठेवायचा. सकाळी रंग मऊ, ओला आणि लगद्यासारखा होऊन पत्र्याच्या पट्टीने निघतो. कोरडी धूळ उडत नाही, हा त्याचा दुहेरी फायदा.

इथे दोन-तीन भाबडे समज मोडावे लागतील. ‘मिथिलीन क्लोराइड नाही’ एवढे लेबलवर लिहिलेले असले म्हणजे डबा निर्धोक झाला असे नाही. त्याऐवजी एन-मिथाइल पायरोलिडोन, म्हणजे एनएमपी, घातलेले असू शकते. ते त्वचेतून आत जाते आणि गर्भाला घातक आहे. टोल्युइन-ॲसिटोनचे मिश्रण असेल तर ते पेट घेते. देवघरातली समई किंवा गॅसची ज्योत शेजारच्या खोलीत असली तरी. कॉस्टिक सोडा स्वस्त आणि जुना, पण डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. आणि ‘इको’, ‘ग्रीन’, ‘वासरहित’ या शब्दांचा आरोग्याशी काही ठरलेला संबंध नाही. बेंझिल अल्कोहोलही डोळ्यांना आणि त्वचेला झोंबते. दारे-खिडक्या उघडी ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालूनच वापरावे. मोजे कोणते हाही प्रश्न आहे. दवाखान्यातले पातळ मोजे मिथिलीन क्लोराइडला काही मिनिटांतच पार होऊ देतात, आणि तोंडावरचा कापडी मास्क किंवा एन-९५ कोणत्याही रसायनाची वाफ अडवत नाही. एन-९५ धुळीसाठी आहे, तिथे तो जरूर लावावा.

सर्वांत महत्त्वाचे : कमी विषारी रिमूव्हरने शिसे नाहीसे होत नाही. ते सगळेच्या सगळे त्या लगद्यात येते. लगदा वर्तमानपत्रात गोळा करून दोन पिशव्यांत बांधायचा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाचे रिकामे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले. हा लगदाही त्याच्याबरोबर द्यावा. मोरीत धुऊन टाकू नये, परसात पुरू नये.

पण रिमूव्हरच्याही आधी विचारायचा प्रश्न असा, की रंग काढायलाच हवा का? बहुतेक वेळा उत्तर नाही असेच येते. घट्ट बसलेला, न घासला जाणारा रंग साबणाच्या पाण्याने पुसून, ओल्या वॉटर पेपरने जरासा खरखरीत करून, त्यावर अस्तर आणि नवा रंग दिला की शिसे आत बंद राहते. पोपडे असतील तिथे पाणी फवारून तेवढेच ओले खरवडावे आणि लांबी भरून घ्यावी. विजेच्या बटनांजवळ अर्थातच पाणी मारू नये. वॉटर पेपर रंगाऱ्यांना माहीत असतो, गाड्या रंगवताना तो रोज वापरात असतो. घराच्या कामात तो मागे पडतो कारण ओले लाकूड वाळेपर्यंत एक दिवस जातो.

अपवाद घासल्या जाणाऱ्या जागांचा. पावसाळ्यात दार फुगते, चौकटीला घासते आणि दर वर्षी थोडा थोडा रंग भुकटी होऊन उंबऱ्यावर पडतो. सुतार येऊन कडेला रंधा मारून जातो तेव्हा तर थेट रंगासकट. खिडकीची सरकती झडप, कपाटाचा खण यांचेही तसेच. इथे नुसते वरून रंगवून भागत नाही. अशा कडांवरचा रंग सावकाश जेलने उतरवणे किंवा ती फळीच बदलणे हे योग्य. एरवीही जेल महाग पडते ही तक्रार असते, पण पूर्ण दाराऐवजी घासणाऱ्या कडांपुरते घेतले तर छोटा डबा पुरतो.

दोन पद्धती मात्र पूर्णपणे टाकाव्यात. एक म्हणजे ब्लो लॅम्पने रंग जाळून काढणे. त्या उष्णतेने शिशाचा सूक्ष्म धूर होतो, तो थेट फुप्फुसांत उतरतो. दुसरी, साध्या सँडिंग मशीनने घासणे. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांत उघड्या ज्योतीने रंग जाळायला कंत्राटदारांना मनाई आहे आणि धूळ ओढून घेणाऱ्या खास गाळणीशिवाय मशीन चालवता येत नाही. आपल्याकडे ही मशीन आता भाड्याने सहज मिळते आणि रंगाऱ्याच्या तोंडाला फार तर उपरणे गुंडाळलेले असते.

रंगाऱ्याचा विचार या सगळ्यात कोणी करत नाही. घरमालकाच्या घरी ही धूळ दोन दिवस असते. रंगाऱ्याच्या अंगावर वर्षभर. जेवणाच्या सुट्टीत तो त्याच हातांनी भाकरी खातो, त्याच हातांनी तंबाखू मळतो, आणि संध्याकाळी त्याच कपड्यांत घरी जाऊन मुलाला उचलून घेतो. शिशाने होणाऱ्या पोटातल्या कळांना वैद्यकात एके काळी ‘पेंटर्स कॉलिक’ असेच नाव होते. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, मनगट उचलता न येणे, या तक्रारी घेऊन आलेल्या रंगाऱ्याला पित्ताच्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवले जाते. रक्तातील शिसे मोजण्याची चाचणी जिल्हा रुग्णालयांत सहज होत नसेल तर डॉक्टरने विचार करूनही पुढे काय? निदान प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात तरी ती विनामूल्य व्हायला हवी. ज्यांच्या कामात शिसे आहे त्यांना, आणि ज्यांच्या घरी नुकतेच रंगकाम झाले त्या लहान मुलांना, ती मागता आली पाहिजे.

रंगारी घाई करतो ती त्याला हौस म्हणून नव्हे. काम अंगावर घेतलेले असते, दिवस जास्त लागला तर नुकसान त्याचे. ओले खरवडण्याचा किंवा जेल लावून रात्रभर थांबण्याचा एक जादा दिवस घरमालकाने मजुरीत धरला नाही, तर ‘रिमूव्हर चांगला आण’ हा उपदेश फुकटचा. घर सजवण्यावर जो खर्च होतो, त्यापुढे या जादा दिवसाची मजुरी किरकोळच.

सरकारने करण्यासारखेही आहे, आणि ते अवघड नाही. मिथिलीन क्लोराइड असलेले रिमूव्हर किरकोळ दुकानांतून घरगुती ग्राहकाला विकणे बंद करावे. डब्यावर घटकांची नावे आणि धोक्याची सूचना मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत असावी. आणि जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, रुग्णालये यांच्या रंगकामाच्या निविदेत दोन ओळी घालाव्यात : जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही, जाळायचा नाही. मे महिन्याच्या सुट्टीत फळ्याशेजारच्या खिडक्या घासून रंगवल्या जातात आणि जूनमध्ये पहिलीची मुले त्याच फरशीवर बसतात. ही दुरुस्ती करायला नवा कायदा लागत नाही.

घर दुरुस्त करताना निघालेल्या जुन्या रंगीत चौकटी आणि फळ्या यांचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. गावाकडे त्या बंबात जातात. लाकूड चांगले वाळलेले, फुकटचे. बंबाच्या तोंडाशी बसलेल्या बाईच्या श्वासात तो धूर जातो आणि राख भांडी घासायला किंवा वाफ्यात टाकायला जाते. होळीतही अशी लाकडे सर्रास दिसतात. रंगवलेले लाकूड जाळू नये, एवढे तरी घराघरांत सांगता येईल.

काम करताना खोलीतल्या गाद्या, कपडे, पाळणा बाहेर काढावेत, जमिनीवर प्लास्टिक अंथरावे, दाराला ओला पडदा लावावा. संपल्यावर केरसुणी फिरवू नये, तिने धूळ उठते. साध्या व्हॅक्यूम क्लीनरनेही बारीक धूळ मागच्या बाजूने परत हवेत येते. साबणाच्या पाण्याने फरशी, खिडकीचा कट्टा, कोपरे पुसावेत, पाणी बदलून पुन्हा पुसावेत, आणि पुसण्याचे फडके टाकून द्यावे. रंगाऱ्याला हात-तोंड धुवायला साबण आणि कपडे बदलायला जागा द्यावी.

लेकीच्या खोलीचे हे सगळे काम ती येण्याच्या निदान पंधरा दिवस आधी उरकलेले असावे. ती आधीच येऊन पोहोचली असेल तर खिडकीला हात लावू नये. सुटलेले पोपडे ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत, कट्टा रोज ओला पुसावा, पाळणा समोरच्या भिंतीला लावावा, आणि रंगाऱ्याला बाळ-बाळंतीण सासरी गेल्यानंतरची तारीख द्यावी.